पुडिंगातलं नाणं

ड्रेस्डेन,
२७ डिसेंबर २०२४

ती. ऊर्मिलाताईंना,
सुलेखाचा नमस्कार. तुम्ही आणि डॉमिनिकराव बरे असाल. आम्हीही बरे आहोत. थंडी कडाक्याची आहे, बर्फ अजून नाही. चार वर्षांत तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, म्हणून हवेपासून सुरुवात केली.

परवा नाताळचं जेवण गौरांगच्या बॉसकडे होतं. त्यांची बायको मार्गारेट इंग्लंडची. सगळं ड्रेस्डेन श्टोलन हा सुक्यामेव्याचा पाव खातं, तेव्हा ती माहेरचं पुडिंग करते. नोव्हेंबरात एका रविवारी तिने आम्हाला ते ढवळायलाही बोलावलं होतं. प्रत्येकाने पूर्वेकडून पश्चिमेकडे चमचा फिरवायचा आणि मनात इच्छा धरायची. भांड्यात मनुका, पावाचा चुरा आणि मेणासारखा पांढरा कीस. "गायीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी," ती सहज म्हणाली. मी चमचा खाली ठेवला. गौरांगने मात्र बाह्या सारून, डोळे मिटून चमचा फिरवला.

पाच आठवडे मुरलेला तो काळा गोळा परवा टेबलावर आला. ब्रँडी ओतून पेटवली. निळी ज्योत विझली आणि बशीच्या कडेला चरबी थिजू लागली. मार्गारेट चांगली बाई. म्हणाली, "तुमच्यासाठी वेगळं केलंय, वनस्पती तुपातलं."

"नाइन, नाइन! वेगळं नको, आम्ही सगळं खातो," गौरांग बॉसकडे बघत म्हणाला. दोनदा वाढून घेतलं. नशिबाचं म्हणून आत लपवलेलं नाणं त्याच्याच घासात आलं, तर ते चाटूनपुसून सगळ्यांना दाखवलं. टाळ्या पडल्या. हनुवटी तेलकट, आणि हसू थांबेना.

ट्राममध्ये मी खिडकीबाहेर बघत होते. तोच आपल्या जर्मन पालुपदासकट म्हणाला, "आल्झो, तोंड काय वाकडं करतेस? शिजल्यावर कसली गाय नि कसलं काय! आईला सांगू नकोस म्हणजे झालं."

ताई, याच माणसाने, तुमच्या भावाने, 'वसईत डॉमिनिकच्या घरी गाय शिजते' म्हणून तुमच्या लग्नाच्या वेळी घर डोक्यावर घेतलं होतं. त्याने खाल्लं याचं मला काही नाही. इथे ओळखीतले पुष्कळ जण खातात. शिसारी आली ती त्या हसण्याची. आणि घरी येईपर्यंत स्वतःची.

कारण तो नुसता ओरडला होता. आई तरीही तुमच्या लग्नासाठी बॅग भरून निघाल्या होत्या. त्यांना मी थांबवलं. "ताईंचाच फोन होता, येऊ नका म्हणाल्या," असं सांगितलं. आणि तुम्हाला कळवलं, की आईंनाच यायचं नाही. घरात भांडण नको, एवढंच माझं कारण. तुम्ही मायलेकी चार वर्षं बोलला नाहीत, आणि मी दर दिवाळीला आईंची समजूत काढत राहिले.

आज सकाळी फोन करून आईंना सगळं सांगितलं.  म्हणाल्या, "तिचा नंबर दे. हळू सांग, लिहून घेते." मला एक शब्द बोलल्या नाहीत.

हे पोहोचेपर्यंत त्यांचा फोन येऊन गेला असेल. उचलला नसलात, तर आता तुम्ही करा. गौरांगला मी संध्याकाळी सांगणार आहे. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

जिच्या शब्दावर तुम्ही दोघींनी विश्वास ठेवलात, ती
सुलेखा