वेळ वाचतो, पण

४ नोव्हेंबर
टॅब आला. संजय स्वतः गाडीत घालून घेऊन आला. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर. त्याला बढती मिळाली, तो तालुक्याला साहेब झाला. मी अजून इथंच, गुरांच्या दवाखान्यात. तरी तो "वंदे" म्हणतो अन् मी "संज्या", फक्त लोकांसमोर नाही.
म्हणाला, "रजिस्टरं गेली समज. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाक, फोटो काढ, झालं. जनावराला वेळ देता येईल तुला."
खरंच बरं वाटलं. रोज लिहून लिहून मान धरते.
जनावर धरून देणाऱ्या आमच्या परिचर इस्माईलभाईंनी टॅब उलटा-सुलटा करून पाहिला, टेबलावर ठेवला. "ताई, ह्याला दावं धरता येतं का?" सगळे हसलो. सं.पण हसला.

७ नोव्हेंबर
दवाखान्याच्या अंगणात दोन गाई टॅबवर चढवल्या. पटकन झालं. खोटं कशाला बोलू, गंमत वाटली.
सं. परत आला होता. व्हिडिओ पाहिजे म्हणे, वर दाखवायला. "तू बोललीस की बाकीच्यांना पटतं." मागं इ.भाई गाय धरून उभे, टोपी नीट केली त्यांनी. मी म्हणाले, एंट्रीचा वेळ वाचतो, पण जनावर धरायला सोबत माणूस असेल तरच. एकटीनं हे होत नाही. सं. म्हणाला, एकदम बराबर बोललीस.
घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, साडी कोणती होती? तेच विचारायचं असतं तिला.

१३ नोव्हेंबर
लसीकरण चालू. वस्तीवर गेलो. लस टोचायला वेळ लागत नाही. पुढचं बघा: बिल्ल्यावरचा चिखल पुसा, नंबर टाका, फोटो काढा, मग मालकाच्या मोबाइलवर ओटीपी. मालकाचा मोबाइल पोराकडं, पोरगं पुण्याला. फोन लावला तर ते कामावर, उचलत नाही. म्हातारी म्हणते, "बाई, सुई तर टोचली ना? मग आता काहून थांबून राहिल्या?"
मी परत फोन लावला.
इ.भाई तोवर पुढच्या गोठ्यात जाऊन बैल बांधून तयार. ते होते म्हणून वस्ती उरकली.

१९ नोव्हेंबर
रेंज नाही. सगळ्या एंट्र्या अडकल्या. इ.भाईंनी पाण्याच्या टाकीवर चढायची परवानगी दिली मला, तेही खाली शिडी धरून. वर रेंज आली, लगेच गेली.
तालुक्याचा मेसेज, आजची संख्या कमी का? काम केलं ते केलं, टॅबला दिसलं नाही म्हणजे झालंच नाही.
रजिस्टरही चालूच ठेवायचं म्हणतात, "सेफ्टी म्हणून". म्हणजे आता दोन्ही.

२ डिसेंबर
इ.भाईंच्या बदलीचा कागद आला. पुसेगावकडच्या एका दवाखान्यात. त्यांच्या जागी कोणी नाही. लिहिलंय, काम ऑनलाइन झाल्यामुळे इथं परिचराची आवश्यकता राहिलेली नाही.
मी दोनदा वाचला. मोठ्यानं वाचून दाखवायची हिंमत झाली नाही. त्यांनीच हातातून घेतला.
"हुकूम आला, जायाचं. आपलं काय."
त्यांच्या बायकोचे, भाभींचे, गुडघे गेलेत, हे गाव सोडून त्यांना कुठं नेणार. ते म्हणाले, मी तिकडं खोली करतो, रविवारी येत जाईन.
संध्याकाळी दाव्याची गुंडाळी खिळ्याला नीट अडकवून गेले. माझ्याकडं बघितलं नाही.

५ डिसेंबर
आता कळलं का बघितलं नाही ते.
ग्रुपवर व्हिडिओ आला. जिल्ह्याच्या ग्रुपवर. मी उभी, मागं इ.भाई गाय धरून. मी म्हणते, "एंट्रीचा वेळ वाचतो" अन् संपला. पुढं नुसतं संगीत. खाली कुणीतरी लिहिलंय, कर्मचाऱ्यांचा स्वतःचा अनुभव. त्याच्या खाली अंगठेच अंगठे.
इ.भाईंनी हा आधीच कुणाच्या तरी फोनवर पाहिला असणार. बदलीच्या आधीच वर दाखवून झाला होता.
सं.ला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. बिझी.

९ डिसेंबर
रजा टाकून तालुक्याला गेले. बाहेर बसवून ठेवलं. आधी कधी बसवलं नव्हतं.
"संजय, माझं वाक्य तोडलंस तू."
"साहेब म्हण गं इथं, लोक आहेत." मग हळूच, "वंदे, व्हिडिओ लहान पाहिजे होता. मी कापला, त्यात काय एवढं."
"नेमका तिथंच कापलास."
"वरून विचारलं, टॅब दिल्यावर माणसं मोकळी होतात का. मी काय म्हणणार? माझ्या तालुक्यातून नाही म्हणू?"
"मग माझ्या तोंडून काहून म्हणवलंस?"
त्यानं दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "तू बोललीसच ना पण ते. तुझाच आवाज आहे."
पूर्ण व्हिडिओ मागितला. म्हणे, फोन बदलला, गेला तो.
चहा मागवला त्यानं. मी उठले. परत येताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, बाहेर तुरी पिवळ्या झालेल्या, काही दिसलं नाही मला. डिप्लोमाच्या वर्षी ताप आला तेव्हा माझी सगळी प्रॅक्टिकल यानं लिहून दिली होती. तो कोण होता मग?

१५ डिसेंबर
गावातल्या कलावतीबाईंची म्हैस विताना अडली. फोन आला तेव्हा मी दुसऱ्या वस्तीवर, ओटीपीची वाट बघत. मध्येच सोडलं तर आधीचंही पुसलं जातं, परत पहिल्यापासून. म्हणून थोडी थांबले, शेवटी ओटीपी आलाच नाही, सोडूनच निघाले. थांबायला नको होतं.
गेले तर रेडकाचे पुढचे पाय बाहेर, मान मागं वळलेली. दंडापर्यंत हात घालून मान सरळ करायची, तोवर कुणीतरी म्हैस दाबून धरायची अन् सांगितलं तेव्हाच दोरी ओढायची. हे काम इ.भाईंना सांगावं लागत नसे. आज बाई स्वतः अन् शेजारची दोन माणसं, तिघं तीन वेळी ओढतात. म्हैस बसली, माझा हात खाली सापडला.
रेडकू मेलेलं निघालं. रेडी होती. म्हैस वाचली.
कलावतीबाई म्हणाल्या, "इस्माईल असता तर." माझ्या हाताला हळद लावून दिली.
दवाखान्यात येऊन टॅब उघडला. मेलेल्या रेडकाला बिल्ला नसतो, त्यामुळं त्याची एंट्री होत नाही. आजच्या दिवसापुढं काम शून्य.

२२ डिसेंबर
मनगट सुजलंय. डाव्या हातानं नंबर टाकून राहिले. चुकतात.

२८ डिसेंबर, रविवार
इ.भाईंच्या घरी गेले. ते आलेले. भाभींनी खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. माझ्याकडं बघून नेहमीसारखं हसल्या नाहीत.
इ.भाई तिकडच्या दवाखान्याचं सांगत बसले. तिथंही टॅब आहे म्हणे, तिथल्या डॉक्टरांनी चार्जिंगचं काम यांना दिलंय. कलावतीबाईंच्या म्हशीचं विचारलं. मी सगळं सांगितलं. मान कोणत्या बाजूला वळली होती, ते विचारलं.
मीच म्हणाले, "भाई, माझं वाक्य पुढं होतं. तुमी मागंच उभे होते, ऐकलं असंल तुमी."
"मी गाय धरली होती ताई. ती पाय मारू राहिली होती. माझं ध्यान तिच्याकडं."
"मी म्हणले होते, माणूस पाहिजेच."
"म्हणले असाल."
'असाल' म्हणाले. 'होते' म्हणाले नाहीत. घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात.

५ जानेवारी
पत्र आलं. जिल्ह्याच्या प्रशिक्षणात 'यशस्वी वापरकर्ता' म्हणून मी बोलायचं. खाली संजयची सही. शिवाय त्यानं फोनही केला, इतक्या दिवसांनी. "वंदे, तुझं नाव मीच सुचवलं. झालं गेलं सोड आता."
त्याला वाटतं, ही भरपाई.
नाही म्हणायला तोंड उघडलं अन् म्हणाले, येते.

११ जानेवारी, रविवार
इ.भाई आपणहून घरी आले. पायरीवरच उभे, आत या म्हणलं तरी न्हाई म्हणाले.
"ऐकलं, तुमी बोलणार."
"व्हय."
"बोला. समद्यांसमोर बोला. फक्त माझं नाव घेऊ नका. रिटायर व्हायला थोडं ऱ्हायलं, तकलीफ नको."
"नाव घेतलं न्हाई तर लोकांना कसं कळंल कुणाचं काय झालं?"
पायरी उतरले. "ते तुमी बघा." जाता जाता म्हणाले, मनगटाला पट्टी घट्ट बांधत जा, ढिली बांधता तुम्ही.
मला माफ केलं का, ते विचारायचं होतं. राहिलं.

१२ जानेवारी
प्रशिक्षण उद्या. काय बोलायचं ते कागदावर लिहायला बसले, दोनदा फाडलं. इ.भाईंचं नाव गाळलं की बाकीचं तक्रारीसारखं वाटतं, अन् ठेवलं तर त्यांना दिलेला शब्द जातो. शब्द दिला होता का मी? नाही, ते निघून गेले तेव्हा मी नुसती उभी होते.
आत्ता सं.चा मेसेज. कार्यक्रम कसा ते कळवलंय. आधी दिवा लावणार, मग मोठ्या पडद्यावर माझा तो व्हिडिओ. तो संपला की लगेच माइक माझ्या हातात.