तुमची पाच किलो हळद

नाहूर (पूर्व)

आदरणीय धोंडिरामदादांस,

भीमराजचा सविनय जयभीम. इकडे सर्व ठीक आहे, तिकडेही गुडघे धरून सर्व ठीक असावं. (गुडघे तुमचे.) हे फोनवरच बोललो असतो, पण तुमची बहीण सतत कानाशी असते आणि विषय तिचाच आहे.

तुम्ही जयासाठी पाठवलेली पाच किलो हळद आणि सोबतचं कात्रण, दोन्ही मिळालं. वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट कॅन्सरच्या पेशींना कशी लोळवतात, ते दोनदा वाचून मी कात्रण डॉक्टर नेत्रा मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, संशोधन चालू आहे, पण हे प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेत. जयाताई बशीत राहत नाहीत, नाहूरला राहतात. केमो चालू असेपर्यंत अर्क, पावडरी, गोळ्या बंद, कारण औषधाच्या कामात त्यांचा खोडा पडू शकतो. आमटीत पडते तेवढी हळद चालेल. (त्या मानाने तुमची हळद आमच्या पतवंडांना पुरेल.)

पण हे शेजाऱ्यांना कोण सांगणार? कल्पिता डाळिंबाच्या सालींची पूड घेऊन येते, शकुमावशी बीट-आवळ्याचा रस, अल्पेशभाई गव्हांकुरांचा हिरवागार पेला. जयाला कोणाचं मन मोडवत नाही. तेव्हा असं ठरलं की पेला तिने हातात घ्यायचा आणि पाहुण्यांची पाठ वळली की मी प्यायचा. आठ दिवसांत माझी जीभ जांभळी झाली. एका सकाळी बाथरूममध्ये लाल रंग दिसला आणि मी 'रक्त!' असं ओरडून भिंत धरून खालीच बसलो. बाहेरून जया म्हणाली, "अहो, बीट आहे ते. या बाहेर." पेशंट ती, आणि धीरही तीच देणार.

पावडरी मात्र मला जाईनात. त्यात कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही तुमच्या बहिणीची शिस्त. मग मी कल्पिताच्या डब्यात तुमची हळद भरली, अल्पेशभाईंच्या डब्यात कल्पिताची पूड, आणि असं करत करत सगळी बिल्डिंग निरोगी करत आणली. काल शकुमावशी डबा घेऊन हजर. "जया, खास तुझ्यासाठी गं. कल्पिताने दिली, पण मी म्हटलं तुला जास्त गरज आहे." झाकण उघडलं तर हळद, आणि हळदीत तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी: 'जया, रोज दोन चमचे.' (भरताना आत गेली असणार.) शकुमावशी चिठ्ठीकडे बघतायत, मी पंख्याकडे. आणि जया हसायला लागली. हसता हसता डोक्यावरची टोपी खाली पडली, तरी थांबेना. शेवटी मावशीही हसल्या. आजार कळल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, दादा. तेवढ्यासाठी तुमच्या हळदीचे आभार मानतो.

आपला,
भीमराज

ता. क. हळद पुन्हा पाठवू नये. शेवग्याची पावडरही नको.

आणखी एक ता. क. वर 'सर्व ठीक' लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. मंगळवारी स्कॅनचा रिपोर्ट आहे. जयाने तुम्हाला कळवू नका म्हणून बजावलंय. ती शांत आहे, घाबरलोय मी. सोमवारी निघून या. आणि या वेळी मेहेरबानी करून रिकाम्या हातांनी या. एक हात जयाला लागेल, एक मला.