माणिक खुणेवर यायच्या आधी

चेन्नई, ११ एप्रिल

ती. ताईस केदारचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घरातल्यांनी भांडायचं तर कागदावर भांडावं, हा तुझा कायदा मी पाळून राहिलो. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आणि बोलले तरी दुसऱ्या वाक्यावर आमचं जुंपते. इथं कॅम्पात तसाही फोन कोच सरांच्या कपाटात बंद. रविवारी थोडा वेळ हाती देतात.

भाऊजींनी विचारलं ना, चौघांच्या रिलेत हा नेमका करते काय? सांग त्यांना. मी तिसरा. वळणावर उभा राहतो. दुसऱ्या नंबरचा माणिक बॅटन घेऊन माझ्याकडे येते. हिंगणघाटचा आहे, आपल्याच बोलीचा, त्याच्याशी बोललो की घरी आल्यासारखं वाटते. माझ्या मागे लेनमध्ये मी पांढऱ्या टेपची खूण लावतो. माणिक खुणेवर आला की मी सुटायचं, आणि मग मागे पाहायचं नाही. त्यानं आवाज दिला की हात मागे. आखलेल्या पट्ट्याच्या आत बॅटन हातात आलं पाहिजे, नाहीतर चौघंही बाद. सर म्हणतात, तू वाघासारखा पळतो पण माणिक खुणेवर येईपर्यंत थांबायला तुझ्या जिवावर येते. माणिक म्हणते, तुझं कॉलेजही असंच झालं असंन. मी त्याच्या अंगावर बूट फेकला.

आता खरी गोष्ट. रोशनीचा फोन मागच्या रविवारी लागला नाही, त्याच्या आधीच्या रविवारीही नाही. तिच्या बाबांनी, भय्याजी काकांनी, आपल्या अंगणात बसून सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, की मेडल आण, रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यात लाग, मग पोरगी मागायला ये. कोलंबोच्या शर्यतीत मेडल भेटलं की मी पहिले त्यांच्याच दारात उभा राहणार, आपल्या दारात नंतर. तू भिलाई-३ ले आईकडे गेली की तिच्या क्वार्टरमध्ये एक चक्कर मार. तिले म्हण, पंधरा दिवस फक्त. रागावली असंन तर कावून, तेही विचार.

आईले नमस्कार. बाबांनाही, त्यांनी घेतला तर.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा केदार

*

वैशाली नगर, भिलाई, १७ एप्रिल

चि. केदारास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं मी घरात वाचन केलं. भाऊजींना रिले एकदाची समजली. आता ते मला भाजीची पिशवीसुद्धा पट्ट्याच्या आतच हातात दे म्हणून सांगतात. इथं ऊन असं आहे की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आईचं लोणचं घालून झालं. तुझी बरणी वेगळी ठेवली आहे, बाबांनी हात लावला तर ती ओरडते. बाबांची ड्यूटी सध्या डोंगरगडकडे आहे. तुझं नाव काढत नाहीत, पण रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, गाडीवरचे लोक आराम करतात तिथं, कोणी विचारलं तर तुझी शर्यत कोणत्या तारखेला ते बरोबर सांगतात म्हणे. ही बातमी भाऊजींकडून.

रोशनीकडे गेले होते. ती बरी आहे. त्यांच्या घरी रंगकाम निघालं आहे, रायपूरहून पाहुणे येऊन जाऊन आहेत, त्यामुळे पोरगी कामात आहे. फोन बिघडला म्हणाली. तू त्या गोष्टी डोक्यात घेऊ नको. जेव, झोप, सरांचं ऐक. माणिकला बूट मारू नको, त्यालाही कोणी भाऊ-बहीण असेल.

जे काय असेल ते तू आल्यावर सावकाश बोलू.

पत्र पाठव, आणि आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी ताई, अनुजा

*

कोलंबो, २४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

आम्ही फायनलमध्ये! आज सकाळी हीट झाली, दुसरे आलो. माणिक खुणेवर आला, मी सुटलो, त्यानं आवाज दिला आणि बॅटन असं हातात आलं जसं तू शाळेत जाताना डबा हातात द्यायची. कोच सरांनी पाठीवर थाप मारली. ते कोणाले मारत नाहीत थाप.

माणिकच्या आईनं हनुमानाले नवस बोलला आहे. त्याचे वडील नाहीत. कोट्याची नोकरी लागली की बहिणीचं शिक्षण, घरावर पत्रे, सगळं त्याचं ठरलेलं आहे. मी त्याले म्हटलं, माझं एकच ठरलेलं आहे. तो म्हणते, तुझी ती एक गोष्ट माझ्या सगळ्यांपेक्षा भारी आहे, बाप्पा.

ताई, तुझं पत्र वाचून मी खूप हसलो. तू लपवायला गेली आणि सगळं सांगून बसली. रंगकाम कावून निघालं? दिवाळी तर दूर आहे. भय्याजी काका वरून कडक, पण आतून त्यांना माहीत आहे जावई कोणत्या तारखेला येते ते. रायपूरचे पाहुणे म्हणजे तिचे मामा असतील, बोलणी करायला मोठं माणूस लागतेच. तुम्ही सगळे मिळून मले सरप्राइज देऊन राहिले. देऊ द्या. मी काही कळलं नाही असं तोंड करून येईन.

उद्या संध्याकाळी फायनल. सर म्हणाले, उद्या दुपारी प्रत्येकाला घरी बोलायला फोन देतो. मी तिच्या मैत्रिणीले, नीतूले लावणार आहे. ती लगेच रोशनीच्या हाती देते.

आशीर्वाद दे, मग हक्कानं माग काय पाहिजे ते.
केदार

*

चेन्नई, २७ एप्रिल

अनुजाताईस,

नमस्कार लिहायचा म्हणून लिहितो.

नीतूनं फोन उचलला तेव्हा मागे बायकांचा गलका होता, कोणीतरी हसून हसून ओरडत होतं की नवरीच्या नाकालाही लावा. मी विचारलं कोणाकडे आहे. नीतू म्हणाली, तुले माहीत नाही का, आज रोशनीची हळद आहे, उद्या लग्न. मग तिच्या लक्षात आलं आणि ती रडायला लागली. मी फोन सरांना परत दिला. घरचे सगळे बरे आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत.

मी सांगायला पाहिजे होतं. सर म्हणाले असते, तू बस, राखीवमधला केरळचा पोरगा पळंन. पण मले वाटलं मेडल आलं तर अजून काहीतरी होईल. लग्न उद्या आहे, आज नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. वळणावर उभा राहिलो, खूण लावली, बंदूक वाजली. माणिक येताना दिसला. त्याच्यासारखं सुंदर तो कधीच पळला नव्हता, ताई. आणि माणिक खुणेवर यायच्या आधीच मी सुटलो. मले असं वाटलं की जेवढ्या जोरात पळीन तेवढा लवकर भिलाईले पोचीन. हे लिहिताना मलेच वेड्यासारखं वाटते, पण तेव्हा तेच होतं डोक्यात. मागून माणिक थांब थांब म्हणून ओरडत होता. मी थांबलो तेव्हा पट्टा संपला होता. तरी त्यानं बॅटन माझ्या हातात दिलं, रेषेच्या पलीकडे, आणि तोंडावर पडला. दोन्ही गुडघे सोलले. लाल झेंडा वर गेला.

कोणीच मले रागावलं नाही. तुला माहीत आहे मी रागावणाऱ्याशी लढू शकतो. माणिकनं गुडघ्यावर पट्टी बांधून घेतली आणि मलेच पाणी आणून दिलं.

तुले एकच विचारतो. तू आधी सांगितलं असतं तर मी रडलो असतो, सामान फेकलं असतं, पण मी पळलो नसतो. दुसरा पळला असता. माणिकच्या आईचा नवस फिटला असता. तू माझं मेडल वाचवायला गेली आणि त्याचं घालवलं. मीही घालवलं, ते मी मानतो. पण तू का?

आता लोभ-बिभ काही मागत नाही.
केदार

*

वैशाली नगर, भिलाई, ३० एप्रिल

चि. केदारास पोटभर आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. कोलंबोचं आधी उघडलं. ते वाचून झाल्यावर दुसरं उघडायची माझी हिंमत नव्हती. ते भाऊजींनी वाचलं आणि मग माझ्यासमोर ठेवलं.

का, ते सांगते. माझी बाजू घेत नाही. तुझं पहिलं पत्र आल्यावर मी गेले तेव्हा रोशनीच लग्नपत्रिका घेऊन बसली होती. भय्याजी काकांनी ऑफिसात चौकशी केली होती. मेडल आलं तरी जाहिरात, ट्रायल, कागदपत्रं, दोन वर्षं कुठं गेली नाहीत. रायपूरच्या मुलाकडच्यांना एप्रिलमधलीच तारीख हवी होती. मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली, मी वर्षभर बाबांशी भांडले, आता माझ्यात भांडण उरलं नाही. मग माझे हात धरून म्हणाली की केदारला कळवू नका, तो सगळं टाकून येईल, आमच्या दारात उभा राहून बाबांच्या अंगावर जाईल, आणि मग शर्यतही नाही आणि मीही नाही. मला ते पटलं. तुझा स्वभाव तिला माझ्याइतकाच माहीत होता. माणिकचा विचार तिच्याही डोक्यात आला नाही, माझ्याही नाही. आपल्याला आपलाच पोरगा दिसला.

शेजारी म्हणून आईबाबांना लग्नाला जावं लागलं. आहेराच्या पाकिटावर आपण सगळ्यांची नावं लिहितो तशी आईनं लिहिली. तुझ्या नावापाशी आली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं नाही. आईनं तिला साडी दिली. कोणती, ते विचारू नको. तुझ्या डोळ्यासमोर जी आली, तीच, सुनेसाठी घेऊन ठेवलेली.

बाबांनी शर्यत मोबाईलवर पाहिली, ड्यूटीवर निघायच्या आधी. डबा घरीच विसरून गेले.

तू घरी ये, केदार. मला काय बोलायचं ते इथं येऊन बोल. कागदावर नको, तोंडावर बोल. कायदा मीच मोडते.

माझ्यावरची माया उरली असेल तेवढी ठेव.
अनुजा

*

हिंगणघाट, ४ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी माणिकच्या घरी आहे. गाडी इथवर आली आणि तो उतरला तसा मीही उतरलो, तिकीट दुर्गचं असून. त्याच्या आईनं गुडघे पाहिले आणि विचारलं, कसं पडलं. तो म्हणाला, ट्रॅक खराब होता. मी म्हटलं, नाही काकू, माझ्यामुळे पडला. काकूंनी मले हात धुवायला पाणी दिलं. मग ताट वाढलं. ताटात माणिकएवढंच वाढलं होतं.

तुझ्यावर राग आहे. पण तुझं पत्र चार वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी रोशनीनं तुझे हात धरले तिथं थांबलो. माझ्यात भांडण उरलं नाही, असं ती म्हणाली. मी कोणाशी भांडू आता? भय्याजी काकांनी तर पोरीचंच पाहिलं.

घरी येतो, पण एक अडचण आहे. आपल्या क्वार्टरले यायचा रस्ता तिच्या दारावरूनच आहे. आपल्याकडचा मंडपवाला सीझनमध्ये आठ-आठ दिवस बांबू काढत नाही, मले माहीत आहे. त्या मांडवाखालून मले येववणार नाही. मांडव सोडला की एक ओळ टाक, मग येतो. कोणाले सांगू नको कावून.

एवढं कर. बाकी आपलं आहे तसं राहू दे.
केदार

*

भिलाई-३, ७ मे

चि. केदार यास आशीर्वाद.

अनुजाने तुझे पत्र मला दाखवले. तिच्यावर चिडू नको, मीच मागितले.

मंडपवाला पुढच्या सोमवारी येतो म्हणाला. म्हणून काल मी आणि आपल्या जावयाने, उमाकांतने, मांडव सोडला. भय्याजी बाहेर आले, विचारले, पंजाबराव, तुम्हाला एवढी घाई कावून. मी म्हटले, मोटरसायकल काढायला अडचण होते. थोड्या वेळाने त्यांनीही एक टोक धरले.

बांबू मागच्या भिंतीशी रचून ठेवले आहेत. खड्डे बुजवले. रस्ता मोकळा आहे.

ये.

तुझे बाबा