दाराची काच

मास्तर, काल ठाण्यात तंबूतली हलती चित्रं पाहायला गेलो होतो. धाकट्या मुलीने हट्ट धरला म्हणून. चित्रात एक माणूस जिना चढत होता. तो दिसायच्या आधी त्याची सावली भिंतीवर चढली आणि मुलीने माझं मनगट गच्च धरलं. “बाबा, आता काय होणार?” तिने विचारलं. काय होणार ते मला ठाऊक होतं. सावली आधी, माणूस मागून आणि चेहरा सगळ्यात शेवटी, हे तुम्ही आम्हाला कल्याणच्या शाळेत शिकवलं, तेव्हा चित्रं अजून हलायला लागली नव्हती. तंबूतून घरी येईपर्यंत मी तुमच्याशीच बोलत होतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची आठवण काढावी तर ऐकणाऱ्याला तुम्ही माहीत नसता. म्हणून आज दुपारी जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलोय.

मी तेव्हा बंदराजवळ मामाकडे राहून शिकत होतो. वडील डोंबिवलीकडे, खाडीलगतच्या आमच्या गावात मिठागरावर राबायचे. आमच्या भावकीतून इंग्रजी शाळेत गेलेला मी पहिलाच, आणि नेमकी माझीच जीभ अडायची. गणित सुटायचं, नकाशा बिनचूक निघायचा, पण धडा वाचायला उभा राहिलो की पहिलं अक्षर घशात रुतून बसायचं. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. वर्ग आधी हसायचा, मग कंटाळायचा. शेवटी हेडमास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील आले ते पायांवर मिठाचा पांढरा थर घेऊनच. हेडमास्तर काही वाईट बोलले नाहीत. मुलाला पाठ म्हणता येत नाही, परीक्षेत तोंडी विचारतात, तिथं तो नापास होईल, एवढंच म्हणाले. वडील बाहेर ओट्यावर आले. तिथं तुम्ही काचा पुसत बसला होता. वडील कुणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे, “याला बोलाला येत नाय, त शालंन बसून क करनार? मिठागरावं मानसं पायजेत.” तुम्ही मान वर केली नाही. “दिवाळीपर्यंत राहू द्या त्याला,” म्हणालात. “मला एक काम आहे, त्याला तोच लागेल.” वडिलांनी तुमच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले. ते काम कोणतं, हे तुम्हालाही त्या क्षणी माहीत नव्हतं, असा मला आजही संशय आहे.

त्या काचा जादूच्या कंदिलाच्या होत्या. शाळेच्या कुणा हितचिंतकाने विलायतेहून तो कंदील आणवला होता. पोटात घासलेटचा दिवा, पुढे भिंग, मध्ये रंगवलेली काच सरकवायची, की समोरच्या ओल्या चादरीवर हत्तीएवढं चित्र उमटे. दरवर्षी बक्षीस समारंभाला तुम्ही पुराणातल्या कथा दाखवायचात. त्या वर्षी तुम्ही वर्गातल्या आम्हा चौघांना चित्रकलेच्या खोलीत बसवलंत आणि म्हणालात, “यंदा काचा तुम्ही रंगवायच्या, गोष्टही तुमचीच. अट एकच. बघणाऱ्याला घाम फुटला पाहिजे.”

आम्ही लगेच भूत आणलं. एकाला मुंडकं नसलेलं हवं होतं, दुसऱ्याला उलट्या पायांचं. तिसरा रक्ताचे पाट काढायला निघाला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “भूत आणलंत की गोष्ट संपली. भुताला दार उघडावं लागत नाही. माणसाला लागतं. भीती त्या दारात असते.” मग त्या दाराभोवती आम्ही गोष्ट बांधत गेलो. खाडीकाठची जुनी धर्मशाळा. एक व्यापारी भरतीची वाट बघत तिथं मुक्काम करतो. त्याच्या सोबतीला पांढऱ्या कपड्यांतला एक गोड बोलणारा प्रवासी. आणि एक रखवालदार, ज्याची फक्त सावली दिसते, लांब आणि वाकडी. बघणाऱ्याने सावलीला भ्यावं आणि घात करणारा निघावा तो उजेडात बसलेला प्रवासी, ही युक्ती तुमची. “वाईट माणूस काळा रंगवणं सोपं असतं,” तुम्ही म्हणालात. “त्याला छान उजेडात बसवा.”

भर दुपारी खिडक्या लावून घेऊन तुम्ही हनुवटीखाली दिवा धरलात, तो क्षण डोळ्यांसमोर आहे. तुमचा तो सौम्य, थोडा थकलेला चेहरा एकदम परका होतो. भुवयांच्या सावल्या कपाळावर चढतात, डोळ्यांच्या जागी खाचा दिसतात. आमच्यातला एकजण बाकावरून मागे सरकतो. तुम्ही दिवा वर नेता आणि पुन्हा आमचे मास्तर होता. “बघितलंत? चेहरा तोच आहे. दिवा कुठं ठेवायचा एवढाच प्रश्न.” पुढे दोन महिने आम्ही तेच करत होतो. जिन्याच्या पायऱ्या किंचित तिरक्या काढायच्या, पाहणाऱ्याचा तोल जाईल एवढ्याच. चांदण्याला निळा हात द्यायचा. लाल रंग अख्ख्या गोष्टीत एकदाच. आणि एकच खोली दोन काचांवर हुबेहूब रंगवायची, फक्त पहिल्या काचेत भिंतीवर कोयता टांगलेला आणि दुसऱ्या काचेत नुसता खिळा. ती जोडी मी रंगवली होती. काळा रंग दाट येत नव्हता, म्हणून तुमच्या घरी काकूंनी दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडून दिलं. मी पडवीत बसायचो. त्या स्वयंपाकघराच्या दारातून काजळाची वाटी पुढे करायच्या आणि तिच्यामागून गूळपोळीचा तुकडा. “आधी हात धू,” म्हणायच्या. “नाहीतर काजळ पोटात जाईल आणि तूही काचेवर उमटशील.” मला हसू यायचं. हसताना जीभ अडत नाही.

काचा होत आल्या आणि गोष्ट सांगणारा ठरवायची वेळ आली. चादरीच्या मागे उभं राहून एकाने सगळी कथा सांगायची. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. बाकीच्या तिघांतला एक चाचरत म्हणाला, “मास्तर, पण हा अडकतो.” “म्हणूनच,” तुम्ही म्हणालात. “तुम्ही तिघं धावत सुटाल. याला थांबावं लागतं, आणि ही गोष्टच थांबण्याची आहे.” मला राग आला होता. माझ्या व्यंगाचं तुम्ही प्रदर्शन मांडताय, असं वाटलं. तरी घरी जाऊन तालीम केली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यापुढे सगळी गोष्ट फारसं न अडता सांगितली. शाबासकी मिळेल म्हणून उभा राहिलो. तुम्ही विचारलंत, “धर्मशाळा कुठं गेली?” ‘ध’ माझा कायमचा वैरी, म्हणून मी सगळीकडे ‘घर’ म्हटलं होतं. ‘दार’ अडायचं, तिथं ‘फळी’. ‘भरती’ अडायची, तिथं ‘पाणी’. लहानपणापासून मी असाच बोलत आलो होतो, अवघड शब्दांना वळसा घालून, आणि आजवर ते कुणालाच कळलं नव्हतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण तसे कठोर तुम्ही मला पुन्हा कधी दिसला नाहीत. “घर म्हणजे घर आणि धर्मशाळा म्हणजे धर्मशाळा. घरात माणूस दाराकडे बघत झोपत नाही. मला धर्मशाळाच हवी. लागू दे हवा तेवढा वेळ. तोवर मी काच धरून ठेवतो.”

समारंभाला दिवेलागणीलाच शाळेचा दिवाणखाना भरला. पुढे पाहुणे, मागे पालक, खिडक्यांत बंदरावरची माणसं, एका कोपऱ्यात बांबूच्या चिकाच्या पडद्यापलीकडे बायका. वडील आले होते, मामाने त्यांना ओढूनच आणलं होतं. मी चादरीमागे अंधारात. पहिल्या काचेला ‘धर्मशाळा’ अडली. समोर कुजबुज झाली, कुणीतरी फिसकन हसलं. मी तसाच झुंजत राहिलो आणि शब्द बाहेर पडला. नंतर हसणं थांबलं. कोयता गेल्याचं एका बाईच्या ध्यानात आलं आणि चिकामागून हलका चीत्कार आला. मग दाराची काच आली. किलकिलं दार, आत काळोख, फटीतून पडलेली सावली. मला म्हणायचं होतं, “दार उघडलं.” मी ‘द’ला धरलं आणि तो सुटेना. नेहमीपेक्षा फारच लांबलं. फळी म्हणून मोकळं व्हावं, असं मनात येऊन गेलं. पण चादरीवर ते दार तसंच उभं होतं. तुम्ही काच हलवत नव्हता. दिव्याच्या आचेने काचेवरचा रंग धरत नाही, जास्त वेळ ठेवू नका, हे तुम्हीच आम्हाला शंभरदा बजावलं होतं. आणि झालंही तेच. काजळाचा तो दाट थर मऊ पडला आणि फटीतला काळोख हळूहळू सरकायला लागला, जसं आत कुणी श्वास घेतंय. दिवाणखान्यात एक आवाज नव्हता. तेवढ्यात खिडकीतून एक म्हातारी अगदी काकुळतीने म्हणाली, “नको रे बाबा, उघडू नको.” आणि मी म्हणालो, “दार उघडलं.” लोक अक्षरशः उठून उभे राहिले.

पुढची गोष्ट कशी संपली ते मला नीट आठवत नाही. सावली रखवालदाराची निघाली, तो व्यापाऱ्याला वाचवायला आला होता, पांढऱ्या कपड्यांतला पळाला, टाळ्या झाल्या. मला आठवतं ते नंतरचं. दाराची काच कायमची बिघडली होती. दोन महिन्यांचं काम. ती उजेडाकडे धरून ओघळलेला रंग तुम्ही कौतुकाने निरखत होता. वडील तुमच्यापुढे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, तेव्हा ते अडले होते. मग म्हणाले, “मना चित्रातला काय समजत नाय, मास्तर. पन समदी मानसं याच्यासाठी थांबली.” एवढंच. मला मिठागरावर न्यायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या परीक्षेत मी तोंडी उत्तरं अडत अडत दिली आणि पास झालो.

जीभ काही सुटली नाही, मास्तर. लोकांना वाटतं, अशा गोष्टीच्या शेवटी ती सुटते. आज मी कोपरीच्या बाजूला लाकडाच्या वखारीत लिलाव पुकारतो. होय, लिलाव. मालक सुरुवातीला नाखूश होता. मग त्याच्या लक्षात आलं की शेवटची हाक द्यायला मी तोंड उघडतो, शब्द अडतो आणि तेवढ्यात कुणीतरी न राहवून बोली वाढवतो. व्यापारी मला शिव्या देतात आणि दर हंगामाला मीच हवा म्हणतात. प्लेगच्या साली तुम्ही गेलात, तेव्हा गाव उठून बाहेर झोपड्यांत राहायला गेलं होतं. मला कळलं तेव्हा तुमची खोली धुऊन चुना मारून झाली होती. आभार मानायचे राहिले, असं म्हणणार नाही, कारण तुम्ही समोर असता तर मी ते मानलेच नसते. बाप-लेकासारखं आपल्यात तेवढं गृहीत होतं, अशी मी समजूत घातली आहे. पण एवढं सांगायचं होतं की त्या समारंभाआधी माझ्या वाक्याच्या शेवटापर्यंत माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. तुम्ही थांबलात आणि भरल्या दिवाणखान्याला थांबायला लावलंत. माझं लग्न, माझी पोरं, वखारीतला मान, सगळं मला त्यानंतरचं वाटतं.

आत्ता हिने दारातून विचारलं, “एवढं कुणाला लिहिताय?” ‘चित्रकलेच्या मास्तरांना’ असं सांगायचं होतं. ‘च’ अडला. ती कमरेवर हात ठेवून शांतपणे वाट बघत होती, तिला सवय आहे, घाईही नव्हती. तरीसुद्धा मी “असंच, एका ओळखीच्यांना,” म्हणून सुटका करून घेतली. ती आत गेली. कागद तसाच पुढ्यात आहे, आणि तुम्ही ऐकलं असेल असं उगाच वाटून माझे कान गरम झाले आहेत.