काळ्या तिळांचा डबा

अहो,

लग्नाला बावीस वर्षं झाली होती तरी तुमचं नाव कागदावर लिहायला हात धजत नाही, तेव्हा 'अहो'वरच भागवून घ्या. पत्र लिहायला बसलेय खरी, पण बसवत नाही. दोनदा मागच्या अंगणात जाऊन आले. एकदा उगीचच गॅस बंद आहे का ते बघितलं. आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी जेवून गेले, नंदू गच्चीत जाऊन पडलाय, आणि माझ्यासमोर पाटावर तुमचा साप पडलाय. हिरवा, हातभर लांब, बटणांचे डोळे! काय म्हणू मी तुम्हाला?

सगळं सांगणार आहे, पण क्रमानं. मध्ये बोलायचं नाही. बावीस वर्षं तुम्हीच मध्ये बोलत आलात.

तुमच्या खोड्यांची पहिली शिकार मी नव्हते, माझे बाबा होते. आठवतं? लग्न ठरल्यावर तुम्ही मद्रासहून मिरजेला पाकीट धाडलंत. वर लिहिलेलं, 'विंचवाची अंडी. जपून उघडावे.' बाबांनी उघडलं आणि आत काहीतरी खर्रर्र करून फडफडलं! वाकवलेली तार, तारेला रबर आणि रबरात पिळून बसवलेला वॉशर. आई किंचाळली, पण बाबा पडले शाळामास्तर. त्यांनी उलट टपाली कार्ड टाकलं : 'विंचू अंडी घालत नाही, थेट पिल्लं घालतो. बाकी जावईबापूंची कारागिरी उत्तम.' ते कार्ड तुम्ही गिंडीच्या कारखान्यात तुमच्या लेथच्या वर चिकटवून ठेवलं होतंत.

मी मात्र त्याच दिवशी मनाशी ठरवलं की या माणसासमोर हसायचं नाही. एकदा हसले की हा रोज उठून माझी फजिती करणार!

म्हणून काही तुम्ही थांबलात थोडेच? पहिल्या दिवाळीची ती मोरपंखी साडी घ्या. टी. नगरला तीन दुकानं पालथी घालून आणलेली. तुम्ही म्हणालात, बघू तरी कशी आहे ती. मी चहा टाकून बाहेर आले, तर पदरावर शाईचा हा एवढा डाग आणि शेजारी दौत आडवी! रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात तुम्ही दोन बोटांनी तो डाग उचललात आणि खिशात टाकलात. काचेवर सरस ओतून, त्यात शाई कालवून वाळवलेला तो डाग! तीन दिवस लागले म्हणे करायला. आणि तोंड कसं, अगदी कौतुकाची वाट बघणाऱ्या पोरासारखं.

मी साडीची घडी घातली. कळशी उचलली, मागच्या अंगणात हातपंपावर गेले आणि एका हातानं दांडा मारत, दुसऱ्या हातानं पोट धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घरमालकीण मामींचा तो पंप म्हणजे काय आवाज! कर्र कच्च, कर्र कच्च, चार घरं ऐकू जायचा. त्याच्याखाली माझं हसू कुणाला ऐकू जाणार?

मग तेच ठरून गेलं. तुमची खोडी झाली की माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं आणि पाच मिनिटांनी मी पंपावर. एकदा उन्हाळ्यात पंप पार आटला होता, दोन दोन दिवसांनी टँकर यायचा. त्याच दिवसांत तुम्ही पेल्यांच्या काठांना कडू किराईत चोळून ठेवलंत, कारखान्यातले सहा जण कॉफीला येणार म्हणून. आले, कॉफी प्यायले, मामींनाही दिली, आणि कुणाचंच तोंड वाकडं होईना. तुम्ही एकेकाकडे टकामका बघताय! अहो, सात वर्षं मद्रासेत राहून तुमच्या ध्यानात आलं नव्हतं की इथं कुणी भांडं ओठाला लावतच नाही, वरून तोंडात ओततात? ओठ लावून पिणारे आपण दोघंच. तुम्ही विसरून आपलाच पेला तोंडाला लावलात आणि कडूजहर चेहरा केलात. त्या दिवशी मी कोरडा पंप हापसला. मामींनी खिडकीतून विचारलं, "तण्णी इल्लै, काय करते सुमन?" पाणी नाही हे काय मला दिसत नव्हतं?

आता एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. घरातली एक बिजागरी तुम्ही कधी कुरकुरू दिली नाहीत. शिलाईचं मशीन, पंखा, नंदूची सायकल, रविवार आला की तेलाची बुधली घेऊन फिरायचात. पंपाला मात्र कधी थेंब घातला नाहीत. मामी सांगून थकल्या. तुमचं आपलं एकच, "नाळैक्कु, मामी." उद्या. तो उद्या कधी उजाडला नाही. मी म्हणायची, फुकटचं काम म्हणून आळस. आणि मनातून सुटकेचा श्वास टाकायची, कारण तो ओरडायलाच हवा होता मला.

आता गेल्या वर्षीच्या दिवाळीचं सांगते. हे लिहायचं म्हणून तर मी मघाशी दोनदा उठले.

तुम्ही ओसरीवर बसला होता. आठवड्यापासून छातीत जड वाटतं म्हणत होता, गॅस झालाय म्हणून ओवा खात होता. मी जुनी हिरवी साडी फाडून पुसण्याचे तुकडे करत होते. तुम्ही म्हणालात, "सुमन, बावीस वर्षांत तुला एकदाही हसवता आलं नाही मला. हरलो बघ." आणि मी काय म्हणाले? "पन्नाशी आली, पोरखेळ पुरे झाला आता." असं म्हणून कळशी घेऊन पंपावर गेले. त्या दिवशी तिथं हसले नाही, नुसतंच पाणी भरलं. परत येऊन सांगता आलं असतं हो! 'अहो, मी प्रत्येक वेळी हसलेय' एवढंच तर वाक्य होतं. म्हटलं, सांगू कधीतरी. तीन आठवड्यांनी तुम्ही कारखान्याच्या दारात खाली बसलात ते उठलाच नाहीत.

नंतर तुमच्या जेवणाच्या पिशवीत अण्णा नगरच्या इस्पितळाचा कागद सापडला. दिवाळीच्या आधीचा, हृदय फार थकलंय, केव्हाही थांबेल, असं लिहिलेला. नंदूनं वाचून दाखवला, मी पुन्हा पुन्हा वाचायला लावला. पण तुम्हाला तो कळला होता का? की घडी घालून ठेवलात आणि विसरलात? वर्षभर मला दोनच प्रश्न पडलेत. तुम्हाला ठाऊक होतं का, आणि मी कधी हसलेच नाही असं समजूनच तुम्ही गेलात का. भाजी चिरताना तेच, देवापुढे बसले तरी तेच. एका जागी अर्धा तास बसलेय असं वर्षात झालं नाही.

तर आज सकाळी नंदू सोवळं नेसून पाटावर बसला. आपले तंजावरचे गुरुजी समोर, दर्भ मांडून. म्हणाले, "अक्का, काळे तीळ द्या कीं."

मी फळीच्या टोकाचा डबा काढला. आपल्या घरी संक्रांतीचे पांढरे तीळ निराळे आणि काळे निराळे. काळ्यांचा डबा फक्त पितरांसाठी, एरवी कुणी हात लावत नाही. तुम्ही गेलात तेव्हा सगळं सामान गुरुजींनी आणलं होतं, आणि वर्ष पुरं होईपर्यंत घरात पितरांचा पक्ष घालायचा नसतो, म्हणून वर्षभर तो डबा हललाच नव्हता. हातात घेतला, जड लागला, म्हटलं तीळ आहेत. गुरुजींच्या समोर धरला आणि झाकण उघडलं.

फट्कन उडाला की हो! माझ्या नाकावरून गेला तो थेट गुरुजींच्या मांडीवर! गुरुजी बसल्या जागेवरून उडाले. "अय्यो रामा! साप, साप!" दर्भ एकीकडे, पळी एकीकडे. नंदूचा चेहरा पांढराफटक. आणि मी हसले. मोठ्यानं, खो खो, भिंतीला हात टेकून. थांबवता येईना. नंदू कळवळून म्हणतोय, "आई, सिरिक्कादे मा!" हसू नकोस म्हणे! इतकी वर्षं पंपावर नेऊन सांडलेलं हसू तुमच्याच श्राद्धाला पाटासमोर उसळलं.

डब्यात खाली बघितलं तर तीळ होते. कागदाच्या पुडीत, दोरा गुंडाळून नीट बांधलेले. श्राद्ध अडू नये म्हणून तेवढी काळजी घेतली होतीत.

गुरुजींनी उपरणं सावरलं, साप हातात घेऊन दाबून बघितला आणि विचारलं, "हें कोणीं केलें, अक्का?" मी म्हटलं, "ह्यांनीच." त्यांनी साप अलगद पाटावर ठेवला. मग म्हणाले, "तृप्त झालांत कां, म्हणून शेवटीं विचारायचें असतें. आज तुमच्या यजमानांनीं आधींच विचारलें." आणि पुडी सोडून पुढचं सुरू केलं.

साप मी तेव्हा हातात घेतला. आतली तार तुमच्या लेथवर वळलेली, एकसारखी. वरचं कापड हिरवं. माझ्या त्याच साडीचं, अहो! जी मी दिवाळीत तुमच्यासमोर बसून फाडली होती!

म्हणजे कागद तुम्हाला कळला होता. दिवाळीनंतरच्या तीन आठवड्यांत तुम्ही हा शिवलात आणि अशा डब्यात ठेवलात, जो पुढं तुमच्यासाठीच उघडायचा होता. मामंजींच्या श्राद्धाच्या दिवशी तुम्ही कधी साधा चिमटा काढून बोलत नव्हता, हा काही त्यांच्यासाठी नव्हता. एवढं सगळं ठाऊक होतं, तर माझ्याजवळ बसून रडायचं सोडून सापाला बटणं लावत बसलात? कसा माणूस तुम्ही! राग येतोय मला. अजून येतोय.

आणि एवढ्यावर भागलं नाही. माझं हसणं ऐकून मामी धावत आल्या. "एन्न आच्चु?" काय झालं म्हणून विचारलं, साप बघितला, आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आज पंप न मारताच हसलीस?"

मी म्हटलं, मामी, तुम्हाला कुणी सांगितलं?

"तुझ्या नवऱ्यानं. पंपाला तेल घाल म्हटलं की माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, वेण्डाम मामी, अव सिरिक्करा."

नको मामी, ती हसतेय तिथं.

किती वर्षांपासून, अहो? शाईच्या डागापासून? मागच्या दाराशी उभे राहून ऐकायचात? मग दिवाळीत 'हरलो' म्हणालात, ती पण खोडीच होती? त्या एका शब्दावर मी वर्षभर धड झोपले नाही! का खोडी नव्हती, एकदा तुमच्यासमोर हसावं एवढंच मागत होता? हे आता कुणाला विचारू? उत्तर द्यायच्या वेळेला मात्र गप्प बसलात.

तर ऐका. साप मी परत डब्यात भरणार आहे, खाली तीळ, दोरा तसाच बांधून. गुरुजी आता सावध झाले, पण या घरात कधीतरी सून येईलच. आणि उद्या सकाळी, तुमच्या हत्यारांच्या पेटीतली तेलाची बुधली घेऊन, मी मामींच्या पंपाला तेल घालणार आहे. चांगलं भरपूर. आवाज पार बंद होईपर्यंत. यापुढं मला हसू आलं की मी घरातच हसेन, तुमच्या फोटोसमोर उभी राहून. हा माझा शब्द.

तुमची,
सुमन