बहात्तर तास, चौघं, एक कार्ड

रविवार, २३ फेब्रुवारी

ठरलं. मावशीला भेटायला जायचं. चार तारखेला निघायचं, आठला परत. आखणी माझ्याकडे. तशी कोणी मला सांगितली नव्हती, पण या घरात आखणी येणारा माणूस एकच आहे, आणि त्याने मागे राहणं हा गुन्हा ठरला असता.

मावशीच्या घशाचं ऑपरेशन शुक्रवारी, सात तारखेला, सकाळी आठ वाजता. स्वरयंत्रच काढणार आहेत. म्हणजे आवाज कायमचा गेला. आईचं म्हणणं एवढंच, की त्याआधी एकदा ताईचा आवाज ऐकायचाय. लहानपणी आई सारखी गरागरा फिरायची म्हणून मावशी तिला ‘भिंगरी’ म्हणते. असं म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलंय. फोनवर जमत नाही. मावशी आत्ताच कुजबुजल्यासारखं बोलते, आणि फोन जवळ नेला की आईच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं. कानाला तोंड लावूनच बोलायला हवं.

भेटीची वेळ रोज चार ते सहा. म्हणजे शेवटची मुदत गुरुवार संध्याकाळ, सहा.

साधं काम आहे. साध्या कामातच लोक ढिसाळपणा करतात.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

शहरातल्या वाहतुकीचा पूर्ण अभ्यास झाला. पास चार प्रकारचे. ऑफिसच्या प्रिंटरवर तक्ता काढला, चार रंगांत. आमच्या गोदामातले दोघं बघायला आले. एक म्हणाला, साहेब, तुम्ही चाललाय कुठे, चढाई करायला? कौतुकच करायचं होतं त्याला, शब्द सापडले नाहीत.

घरी तक्ता मांडला. बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं उत्तर एका ओळीत यावं अशी तिची अपेक्षा असते. म्हणाली, जायला एक टॅक्सी, यायला एक टॅक्सी, विषय संपला. मग मात्र मला बोलावंच लागलं. टॅक्सी म्हणजे काय? माणसाला माणसापासून तोडणारा पत्र्याचा डबा. बसमध्ये न्यायाधीश आणि चपराशी एकाच दांड्याला लोंबकळतात. ज्या दिवशी माणूस टॅक्सीत बसतो त्या दिवशी तो नागरिक उरत नाही, गिऱ्हाईक होतो! चांगलंच रंगलं. शेवटाला आलो तेव्हा ती इस्त्रीचे कपडे घेऊन आत गेलेली होती.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनमधून मान वर न काढता म्हणाली, बाबा, आजीला फक्त हॉस्पिटलमध्ये जायचंय ना? या पिढीला दृष्टीच नाही.

शनिवार, १ मार्च

कार्ड आलं! कौटुंबिक पास, बहात्तर तास. चौघांत एकच कार्ड. मेट्रो, बस, शिवाय नदीतून बोटीची एक फेरी फुकट. पहिल्यांदा मशीनला टेकवलं की घड्याळ सुरू. चौदा प्रवास झाले की पास वसूल. त्यापुढचा प्रत्येक प्रवास निव्वळ विजय.

नियम सात फार सुंदर आहे: कार्डावर एका वेळी किमान तिघांनी एकत्र प्रवास करायला हवा. ज्या अधिकाऱ्याने हा नियम लिहिला त्याला कुटुंब म्हणजे काय हे कळलेलं आहे.

बायको कार्डाच्या मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागली. ‘पंचाहत्तर वर्षांवरील’ इथपर्यंत आली. मी थांबवलं. बारीक अक्षरं घाबरट लोकांसाठी असतात. ती म्हणाली, आई शहात्तरच्या आहेत. मी म्हणालो, माझ्या आईचं वय मला सांगू नकोस.

मंगळवार, ४ मार्च, संध्या. ७

पोचलो. ३.२० ला गाडी लागली. स्टेशनाबाहेर पाऊल टाकतो न टाकतो तोच बायको म्हणाली, सरळ हॉस्पिटलला जाऊ, चारला दार उघडेल. किती उथळ! आत्ता कार्ड टेकवलं तर ते शुक्रवारी साडेतीनला मरणार आणि शनिवारची अख्खी सकाळ उघडी पडणार. कार्ड उद्या दहाला सुरू करायचं हे तक्त्यात ठळक लिहिलेलं आहे.

तेव्हा लॉजपर्यंत पायी. दोनच किलोमीटर. आई वाटेत चार वेळा बसली, त्यातली एकदाच बाकावर. एरवी बॅगेवर. बॅगेचं चाक त्यामुळेच गेलं, पण मी बोललो नाही.

लॉजवर पोचेपर्यंत साडेपाच. आईचे पाय सुजलेत. मुलगी बादलीत कोमट पाणी घेऊन आली. आईने विचारलं, आता नाही का रे जाता येणार? मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, आई, उद्यापासून बहात्तर तास अख्खं शहर तुझं आहे. ती म्हणाली, मला एक खोलीच हवी होती. खोली चांगली आहे की! खिडकी आहे.

संकल्प: घरच्यांच्या अज्ञानावर चिडायचं नाही.

बुधवार, ५ मार्च, रात्री ९

१०.०४ ला कार्ड टेकवलं. हिरवा दिवा. अंगावर काटा आला. मी टाळी वाजवली. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ‘पुढे सरका’ असं म्हटलं.

आज सहा प्रवास. मेट्रोची निळी लाईन या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. मुलगी म्हणाली, बाहेर काहीच दिसत नाही, बोगदा आहे. बोगदासुद्धा माणसांनीच खणलाय! त्यांच्या घामाबद्दल दोन स्टेशनं मी बोललो. समोरच्या बाईंनी जागा बदलली.

दुपारी तीनला बायकोने पुन्हा काढलं. तुम्ही फिरा, मी आईंना टॅक्सीने नेते. मी नियम सात दाखवला. त्या दोघी गेल्या की आम्ही उरणार दोघं, म्हणजे कार्ड बंद. एका टॅक्सीसाठी चौघांचा पास मारायचा? हॉस्पिटल उद्या आहे. तक्त्यात उद्याच्या चौकटीला लाल रंग दिलाय, तो काय उगाच? सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी ठेवायची. भाषणातही तसंच असतं.

आईला वाटतं ती हळू बोलते. बायकोचा हात धरून म्हणाली, आणि अख्ख्या डब्याला ऐकू गेलं: जाऊ दे गं, इतकं मांडून बसलाय तो, त्याचा हिरमोड नको, उद्या आहेच की. डब्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. ऊर भरून आला. शेवटी आईच ओळखते.

गुरुवार, ६ मार्च, दुपारी २.१५, धक्क्यावर

सकाळपासून तीन झाले. एकूण नऊ. वेग कमी पडतोय. आईला दर जिन्यावर थांबावं लागतं.

आता बोट. फुकट फेरी सोडणं म्हणजे पास अर्धवट वापरणं, आणि अर्धवटपणा मला सहन होत नाही. २.३० ला सुटणार, ३.१० ला पलीकडे, ३.३० ला परत निघणार, ४.१० ला इथे. मग २७ नंबरची बस, साडेचारला हॉस्पिटल. भेटीला दीड तास. बहिणींना आणखी काय बोलायचं असतं?

आईने आज चांगली साडी नेसलीय. मशीनमध्ये नवा सेल घातला, दोनदा तपासून घेतला. मुलीला म्हणाली, तू माझ्या डाव्या बाजूला बस, उजवा कान ताईसाठी मोकळा ठेवायचा.

गुरुवार, ६ मार्च, रात्री

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो.

परतीची बोट ३.३० ला नव्हती. ती फक्त सुट्टीच्या दिवशी असते. माझा तक्ता बरोबर आहे, आजचा वार चुकीचा होता. पुढची ४.४०. पलीकडच्या धक्क्यावर ना टॅक्सी, ना पूल. बायकोने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. आई पाण्याकडे बघत बसली होती.

अलीकडे आलो ५.२०. समोरच तीन टॅक्स्या उभ्या. एक चालक म्हणाला, दहा मिनिटांत सोडतो काका. आईने पिशवीतून स्वतःचे पैसे काढले. मी ते परत पिशवीत घातले. आईला खर्चात पाडणारा मुलगा मी नाही. शिवाय अकराव्या प्रवासाच्या तोंडावर टॅक्सी? लोक हरतात ते इथेच, अगदी शेवटच्या वळणावर, थोडा धीर कमी पडतो म्हणून!

२७ नंबर ५.३८ ला आली. बायको टॅक्सीचं दार उघडून उभी होती. मी आईला बसमध्ये चढवलं, तेव्हा तिलाही यावंच लागलं.

चालक म्हणाला, हॉस्पिटलला जायचं तर समोरच्या थांब्यावरून बसा, ही उलटी फिरते. मी त्याला हसून सांगितलं, मार्ग वर्तुळाकार आहे. कुठल्याही बाजूने बसा, पोचतोच.

पोचलोच. ६.२२.

दार बंद. पहारेकऱ्याला मी रुग्णाचे हक्क, नातेवाइकांचे हक्क आणि कायद्यामागचा माणुसकीचा हेतू समजावून सांगितला. तो म्हणाला, साहेब, पाच मिनिटं आधी आला असतात तरी मी डोळेझाक केली असती, आता वर औषधं देऊन झोपवलंय त्यांना. आवाज ऐकून एक नर्स बाहेर आली. म्हणाली, तुम्हीच का ते? आजी चारपासून पाठीला उशी लावून दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. सारखं भिंगरी, भिंगरी म्हणत होत्या. आम्हाला वाटलं काहीतरी हवंय, टेबलावरच्या सगळ्या वस्तू दाखवून झाल्या.

आईने विचारलं, काय म्हणतेय ती? बायकोने मुलीला तिच्या कानाशी पुढे केलं. मग मुलीने सांगितलं. सगळं.

आई पायरीवर बसली. या हॉस्पिटलला बाक नाहीत. तक्रार करणार.

एकूण प्रवास अकरा.

शुक्रवार, ७ मार्च

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मी म्हटलंच होतं.

तिघी सकाळी सहालाच टॅक्सीने गेल्या. मला उठवलं नाही. मी दमलो असेन असा विचार केला असणार. ऑपरेशनआधी कोणालाच आत सोडलं नाही, दिवसभर बाहेरच बसून आल्या. कार्ड दिवसभर खिशात पडून. हिरवा दिवा नाही, काही नाही. जीव तुटतो.

रात्री बायकोने कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं: ‘पंचाहत्तर वर्षांवरील व्यक्ती व तिच्या सोबतचा एक मदतनीस यांना कोणत्याही पासाची आवश्यकता नाही.’ म्हणजे आई आणि ती मंगळवारी ३.२० लाच फुकट जाऊ शकत होत्या. बुधवारी जाऊ शकत होत्या. केव्हाही.

मी म्हणालो, हे आधी सांगायला हवं होतंस.

ती उशी उचलून उठली. मग आई आणि मुलीच्या खोलीत झोपायला गेली. नियम नीट छापत नाहीत आणि घराघरांत भांडणं लावतात. या विषयावर लेख लिहिणार.

शनिवार, ८ मार्च, दुपारी १२, परतीच्या गाडीत

भेटीची वेळ नसूनही नर्सने सकाळी आठला आत सोडलं, पण दोघांनाच. आई आणि मुलगी गेल्या. पुढचं मुलीने बायकोला सांगितलं, मी शेजारच्या खुर्चीवर होतो म्हणून ऐकलं.

मावशीच्या गळ्याला पट्ट्या. हातात पाटी. आईला बघून तिने तोंड उघडलं, नुसती हवा आली. मग पाटीवर लिहिलं, भिंगरी. मोठ्या अक्षरांत, वर अनुस्वारसुद्धा दिला. आईने पाटी हातात घेतली आणि उजव्या कानाला लावली. बराच वेळ. मग म्हणाली, ताई, लिहिलेलं ऐकू येत नाही गं.

मी म्हणालो, भेट झाली हे महत्त्वाचं. आई बाहेर आली तेव्हा कानात मशीन नव्हतं. विचारलं तर ऐकू आलं नाही.

८.४० ला हॉस्पिटलच्या दारात टॅक्सी. मी आठवण करून दिली की कार्ड १०.०४ पर्यंत जिवंत आहे, इथून थेट मेट्रो आहे, स्टेशनवर वेळेत पोचतो. आई टॅक्सीत बसली, मग मुलगी, मग बायको. पुढची सीट रिकामी होती. त्यावर त्यांनी मोडक्या चाकाची बॅग ठेवली. मी म्हणालो, बघा हं, मी चाललो. त्यांनी दार लावून घेतलं. तत्त्वासाठी एकटं पडावं लागतं हे मी आजवर भाषणात सांगत आलोय. आज करून दाखवलं.

९.१५ ला कार्ड टेकवलं. हिरवा दिवा. नियम सात मला पाठ आहे, पण नियम भावनेने वाचायचा असतो. मनाने आम्ही चौघं एकत्रच होतो.

तिसऱ्या स्टेशनवर तपासनीस चढला. सभ्य माणूस. कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाला, कौटुंबिक आहे हे.

मी म्हणालो, हो.

त्याने माझ्या डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग विचारलं, कुटुंब कुठाय?

मी बोलायला तोंड उघडलं. एरवी मला कधी असं होत नाही. दोन स्टेशनं गेली, तो हातात दंडाची पावती धरून थांबला होता, आणि घशातून आवाज म्हणून फुटेना.