पंचविशीची पट्टी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवा अल्बम येऊन महिना झाला आणि सपशेल तोंडावर आपटला. एका समीक्षकाने लिहिलंय, लिहिणारा जागा आहे, गाणारा झोपलाय. कंपनीच्या साहेबांनी वीस तारखेच्या कार्यक्रमात फक्त जुनी गाणी म्हणायला सांगितलंय. ताई, मी थकलो गं. एवढा कार्यक्रम उरकला की गाणं बंद.

घरात सगळे छान छान म्हणतात, त्याचाच जास्त त्रास होतो. दरवेळी कच्चं रेकॉर्डिंग आधी तुला धाडतो, यंदा मुद्दाम धाडलं नाही. तू तोंडावर बोलली असतीस आणि ते ऐकायची ताकद नव्हती. भावजींना नमस्कार.

तुझा,
भोंग्या

ता. ९ मार्च

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

शहाणाच आहेस! मला टाळलंस आणि जगाकडून ऐकून घेतलंस. शिलाई मशीन बंद ठेवून अख्खा अल्बम ऐकला. शब्द तुझे आजवरचे सगळ्यात चांगले आहेत. पण अरे, पट्टी पंचविशीतली कशाला धरलीस? वरच्या सुरांत गळ्याची नुसती ओढाताण! ऐकताना मला रडू आलं.

माझ्या दुकानात पन्नाशीचं गिऱ्हाईक आलं, तर मी त्याच्या पंचविशीच्या मापाने शिवते का? कंबर सैल ठेवते आणि गिऱ्हाईक खुशीत जातं. तू दोन सूर खाली उतर, एक तरी नवं गाणं म्हण, मग खुशाल बंद कर. तुझे भावजी दिवसभर गुडघ्याचं रडगाणं गातात, तेवढ्यावर माझं भागेल.

माया आहेच, फुगून बसू नकोस.
तुझी ताई

ता. २३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्यक्रम झाला. पट्टी खाली घेतोय म्हटल्यावर गिटारवाल्याने तोंड वाकडं केलं. जुन्या गाण्यांना टाळ्या पडल्या. नवं सुरू केलं, तसे मागच्या रांगेतले चहाला उठले. साहेबांचा चेहरा पडला. गळा मात्र कुठेच अडला नाही.

कंपनीने पुढच्या अल्बमबाबत हात वर केलेत. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? अंगात त्राण नव्हतं, दोन दिवस नुसता पडून होतो.

आज सकाळी उगाच दार लावून बसलो आणि एका नव्या गाण्याचा मुखडा झाला. बरा आहे की नाही, देव जाणे. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली म्हणे. मला ऐकूच आलं नाही.

लोभ राहू दे, ओरडणंही राहू दे.
भोंग्या